केल्विनकाठचा तेरडा

सप्टेंबरच्या मध्याला ग्लासगो विद्यापीठात नवी मुलं येऊन पोचतात. खोलीची अनामत, बँकेतलं खातं, थंडीचं जाकीट आणि ‘पोचलो, जेवलो’ असा घरी फोन, एवढं उरकलं की पहिल्याच सुट्टीला कुणीतरी सीनियर त्यांना टेकडीखालून वाहणाऱ्या केल्विन नदीवर फिरायला नेतो. तापमानाच्या एककामुळे हे नाव त्यांना शाळेपासून पाठ असतं. पण लॉर्ड केल्विननं आपली पदवी या नदीवरून घेतली, नदीनं त्याच्यावरून नाही, हे इथं आल्यावरच कळतं. त्या दिवसांत काठ गुलाबी झालेला असतो. डोक्याहून उंच, लालसर पोकळ दांड्यांची रोपं पाण्याला टेकून दाटीनं उभी असतात आणि त्यांच्यावर भुंगे नुसते घोंघावत असतात. मराठी घरातलं पोर असेल तर त्याची नजर आधी शेंगांवर जाते. फुगीर हिरवी शेंग ते चिमटीत दाबतं, ती फट्कन फुटते आणि बिया चौफेर उडतात. घरी नुकत्याच गौरी येऊन गेलेल्या असतात, तेरड्याची रोपं त्या निमित्तानं उंबऱ्याच्या आत आलेली असतात. त्यामुळे पुढचं वाक्य ठरलेलं असतं: अरे, हा तर आपला तेरडा!

आपला नव्हे, पण भाऊबंद. अंगणातला तेरडा म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना आणि केल्विनवरचा इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा, ज्याला ब्रिटनमध्ये हिमालयन बाल्सम म्हणतात. काश्मीरपासून गढवालपर्यंतच्या डोंगरउतारांवरचं हे झाड. वर्षायू, म्हणजे दरसाल बी पडून उगवायचं, फुलायचं आणि मरायचं. पण या एका वर्षात ते दोन-अडीच मीटरपर्यंत जातं. एका रोपाला आठशेपर्यंत बिया धरतात आणि शेंग फुटली की त्या सात मीटरपर्यंत उडतात. पाण्यात पडल्या तर आणखी खाली वाहत जाऊन पुढच्या वाकणावर रुजतात. ब्रिटनमधल्या बहुतेक नद्यांचे काठ या झाडानं असेच एकेक वाकण करत घेतले. म्हणजे नव्या पाहुण्यानं कौतुकानं शेंग फोडली तेव्हा त्यानं नकळत पुढच्या वर्षाची पेरणी केली. हीच मुलं, किंवा त्यांतली थोडी, पुढच्या जूनमध्ये गमबूट घालून याच काठावर ही रोपं उपटताना दिसतात. पगार नाही, गुण नाहीत. परदेशी शिकायला गेलेली मुलं नदीकाठचं तण का उपटतात आणि त्यानं नदीचं काही भलं होतं का, हा या लेखाचा विषय.

*

हे झाड इथं आलं कसं, ही गोष्ट मुलांना काठावरच ऐकायला मिळते आणि भारतीय मुलांना ती जरा जास्तच जवळून लागते. जॉन फॉर्ब्स रॉइल हा कानपुरात जन्मलेला कंपनी सरकारचा डॉक्टर. १८२३ मध्ये त्याच्याकडे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाची जबाबदारी आली. फौजेला लागणारी औषधं विलायतेहून मागवण्यापेक्षा इथंच पिकवता येतील का, हा कंपनीचा हिशेब होता. हिमालय तिथून हाकेच्या अंतरावर, पण रॉइलला बाग आणि दवाखाना सोडून फारसं हलता येत नसे. त्यानं माणसं धाडून रोपं गोळा करवली. ती माणसं कोण, हे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येत नाही. लंडनला परतल्यावर तो किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाला, हिमालयाच्या वनस्पतींवर मोठा सचित्र ग्रंथ काढला, आणि १८३९ मध्ये या तेरड्याचं बी ब्रिटनच्या बागांत पोचल्याची नोंद आहे.

बागायतदारांनी ते डोक्यावर घेतलं. काचघर नको, निगा नको, मूठभर बी टाकलं की परसभर फुलं. गरिबाचं ऑर्किड असं कौतुकाचं नावही मिळालं. १८५५ पर्यंत ते कुंपणाबाहेर, रानात उगवलेलं दिसलं. पुढची नोंद वाचताना मराठी वाचक थबकेल. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे १८८५ साली राष्ट्रसभा स्थापन करणारे तेच, निवृत्तीनंतर लंडनला स्थायिक होऊन वनस्पतिशास्त्रात रमले होते. १९०१ च्या सुमारास त्यांनी एका वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात कॉर्नवॉलमध्ये रानोमाळ झालेल्या या हिमालयी तेरड्यावर टिपण लिहिलं, आणि त्याचा सूर तक्रारीचा नाही, कौतुकाचा आहे. सिमल्यात कित्येक वर्षं काढलेल्या माणसाला इंग्लंडच्या ओहोळाकाठी ते झाड पाहून काय वाटलं असेल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. तेव्हा ते कुणाच्या डोळ्यात खुपत नव्हतं. आता इंग्लंड-वेल्समध्ये २०१० पासून हे झाड रानात लावणं किंवा वाढू देण्याला कारण होणं कायद्यानं गुन्हा आहे. स्कॉटलंडचा २०१२ पासूनचा नियम आणखी कडक आहे: मूळ टापूबाहेर, रानात, कोणतंच झाड लावायचं नाही.

*

उपटण्याचं काम दिसतं तितकं अडाणी नाही. सकाळी दहाला पुलापाशी जमायचं. गट चालवणारी बाई बहुधा सत्तरीची, निवृत्त शिक्षिका किंवा नर्स असते. तिला सगळे नुसत्या नावानं हाक मारतात, आणि आपल्या मुलांना पहिले काही आठवडे ते जमत नाही. ती वाक्यं अशी रचतात की हाक मारावीच लागू नये. आधी सूचना: विळा चालताना कसा धरायचा, काठाच्या किती आत उभं राहायचं, पांढऱ्या छत्र्यांच्या फुलांचं दांडगं झाड दिसलं तर हात लावायचा नाही. ते जायंट हॉगवीड, कॉकेशसहून आलेलं. त्याचा चीक कातडीला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. त्याचा बंदोबस्त प्रशिक्षित माणसं करतात. मग पाण्यात उतरायचं.

रोप मुळाशी धरून ओढलं की सहज येतं, कारण मुळं वरवरची असतात. पण दांडा ठिसूळ. मध्येच तुटला आणि जमिनीलगतचं सर्वांत खालचं पेर मागं राहिलं, तर तिथून नवे फुटवे येतात आणि पंधरवड्यात पुन्हा फुलं. त्यामुळे कापायचं झालं तरी पहिल्या पेराच्या खाली. उपटलेली रोपं काठापासून लांब ढीग करून, मुळं वर करून ठेवायची. ओल्या मातीवर आडवी टाकली तर पेरांतून पुन्हा मुळं फुटतात. फुलं येऊन गेली आणि शेंगा धरल्या की काम थांबवायचं, कारण मग प्रत्येक हिसक्यासरशी बी उधळतं. म्हणजे मे अखेर ते जुलै एवढाच खरा हंगाम. या दिवसांत स्कॉटलंडात मिज नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे डास असतात. शिवाय नेटल नावाची खाजरी वनस्पती नेमकी याच तेरड्याच्या शेजारी वाढते. तुटलेल्या दांड्यांना गोडसर, डोक्यात जाणारा वास असतो, तो कपड्यांना राहतो. अकराच्या सुमारास चहा. थर्मासातला, दुधाचा, साखर विचारून, बरोबर बिस्किटं. कुणीतरी आल्याचा चहा करून आणला तर त्याचं नाव पुढं बराच काळ निघतं.

अशा गटांना ब्रिटनमध्ये जुनी परंपरा आहे. १९५९ साली सरेमधल्या बॉक्स हिलवर बेचाळीस स्वयंसेवक जमले आणि चुनखडीच्या गवताळ उतारावर माजलेली झुडपं त्यांनी तोडली. त्यांत पुढं टीव्हीवर गाजलेला वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामीही होता. ‘कॉन्झर्व्हेशन कोअर’ नावाचा तो गट पुढं ब्रिटिश ट्रस्ट फॉर कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटियर्स झाला आणि आता द कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटियर्स या नावानं चालतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विल्यम बर्ड या ऑक्सफर्डशायरच्या डॉक्टरानं रुग्णांना व्यायामशाळेऐवजी अशा कामाला धाडायची कल्पना काढली, तिला ग्रीन जिम म्हणतात. केल्विनपुरतं बोलायचं, तर फ्रेंड्स ऑफ द रिव्हर केल्विन हा स्थानिकांचा गट १९९१ पासून नदी राखतो आहे. कधीकाळी कागदाच्या गिरण्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी नासवलेल्या या पाण्यात आता सामन मासा पुन्हा चढतो.

*

आपली मुलं इथं कशी येतात? उदात्त कारणानं नव्हे. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी मंडळांची जत्रा भरते. नृत्य, वादविवाद, क्रिकेट असे गाळे असतात आणि एका कोपऱ्यात पर्यावरणवाल्यांचं टेबल. वर्गणी नाममात्र, बस फुकट, दुपारचं सूप फुकट. महिन्याचं बजेट पौंडापौंडानं जुळवणाऱ्या माणसाला शहराबाहेर फुकट जायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. कुणी बायोडाटात एक ओळ हवी म्हणून येतं. मराठवाड्यातून आलेल्या एका मुलाचं कारण मला सर्वांत प्रामाणिक वाटलं: रविवारी खोलीत बसलं की घरची आठवण येते, आणि चिखलात काम केलं की भूक लागते नि झोप लागते.

२०२२ साली ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसांमध्ये भारतानं चीनला मागं टाकलं. सप्टेंबर अखेरच्या वर्षभरात सव्वा लाखाहून जास्त व्हिसे भारतीयांना मिळाले. त्यांतले बरेच एक वर्षाच्या मास्टर्सला आलेले, शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन. त्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. इथं एक बारीक, पण जीव खाणारी मेख आहे. व्हिसाचे नियम मोफत कामाचे दोन प्रकार मानतात. ठरलेल्या वेळा, ठरलेल्या जबाबदाऱ्या, मालक-नोकरासारखं बंधन असलेलं बिनपगारी काम वीस तासांत मोजलं जातं. वाटलं तर आला, नाही तर नाही, अशा स्वयंसेवेची मोजदाद नाही. नदीवरची रविवारची तण-उपटणी दुसऱ्या प्रकारात बसते. पण एखाद्या संस्थेत आठवड्याचे तीन दिवस ‘इंटर्न’ म्हणून फुकट राबायचं ठरलं, की ते तास भरायला लागतात. गोऱ्या वर्गमित्राला हा प्रश्नच पडत नाही. आपली मुलं मात्र हातमोजे चढवण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाला मेल टाकून खात्री करून घेतात, आणि ते शहाणपणाचंच आहे.

घरच्यांची प्रतिक्रिया वेगळी. चाळीस लाखांचं कर्ज काढून तिथं गवत उपटतोस का, असं एका वडिलांनी फोनवर विचारल्याचं ऐकलं. त्यात निव्वळ कोतेपणा नाही. शेतातलं तण काढायला लागू नये म्हणून तर शिकवलं, असं म्हणणारी पिढी आहे ती, आणि खुरपणीनं कंबर मोडलेल्या माणसाला तण उपटण्यातला आनंद पटवून द्यायला जाऊ नये. गंमत अशी, की शेतकरी घरातल्या मुलांचा हात या कामात सगळ्यांत आधी बसतो. दांडा कुठं धरायचा, ओल किती असताना ओढायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली मुलं पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त रोपं मध्येच तोडतात.

श्रमाचा हा संस्कार आपल्याकडे नव्हता असं नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास आणि सात दिवसांचं शिबिर, हा हिशेब पदवी घेतलेल्या निम्म्या महाराष्ट्राला माहीत आहे. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे. २०१६ पासूनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत शहरी मुलांनी गावोगावी पहाटे चर खोदले. पण एनएसएसच्या तासांचं पुष्कळ ठिकाणी काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे: वृक्षारोपण, फलक, फोटो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा वृक्षारोपण. केल्विनवर मुलांना नवं वाटतं ते श्रम नव्हे. गेल्या वर्षी या पट्ट्यात किती रोपं होती, यंदा किती आली, हे कुणीतरी वहीत लिहून ठेवलेलं असतं, याचं त्यांना नवल वाटतं.

*

या कामातली खरी अडचण वहीत उतरलेली दिसते. हिमालयी तेरड्याचं बी मातीत साधारण दोन वर्षं जिवंत राहतं. म्हणजे एखादा पट्टा सलग दोन-तीन हंगाम, एकही रोप फुलू न देता साफ केला तर तो खरोखर साफ होतो. तणांच्या जगात हे भाग्यच. घाणेरीशी किंवा गाजरगवताशी झुंजलेल्या माणसाला हेवा वाटेल. पण अट आहे: सुरुवात उगमाकडून करायची. वरच्या अंगाला एक झुडूप राहिलं तरी पाणी त्याचं बी खाली आणून टाकतं आणि खालच्यांचे श्रम वाया जातात. केल्विन किल्सिथजवळच्या माळावर उगम पावून पस्तीसेक किलोमीटर वाहत क्लाइडला मिळते. विद्यापीठ तिच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. म्हणजे मुलं जिथं सोयीचं म्हणून काम करतात, ते शास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यांत चुकीचं टोक आहे.

दुसरी अडचण पंचांगाची. मुलं सप्टेंबरात येतात तेव्हा शेंगा फुटू लागलेल्या असतात, उपटायची वेळ टळलेली असते. हिवाळ्यात तेरडा मरतो, काठ उघडे पडतात. तेव्हा गट झाडं लावतो, पायवाटा दुरुस्त करतो, कुंपणाच्या झुडपांच्या फांद्या अर्ध्या कापून आडव्या विणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी रोपं उगवतात. ती उपटण्याजोगी होतात तेव्हा मास्टर्सची मुलं प्रबंधात गळ्याइतकी बुडालेली असतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तो देऊन बरीचशी निघून जातात. ज्या पट्ट्याला तीन उन्हाळे हवेत, त्याला विद्यार्थी एकच उन्हाळा देऊ शकतो, तोही अर्धामुर्धा.

म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवेबद्दल जे गोड-गोड लिहिलं जातं, त्याच्याशी माझं जमत नाही. ‘मी नदी वाचवली’ हे वाक्य इथं कुणालाच म्हणता येत नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ट्वीड नदीच्या खोऱ्यात २००२ पासून परक्या झाडांविरुद्ध उगमापासून खाली येत काम चालू आहे. तिथं पगारी माणसं, शेतकरी, मासेमारी मंडळं आणि स्वयंसेवक वर्षानुवर्षं एकाच नकाशावर काम करतात. तसा नकाशा असला तर एका मुलाचे चार रविवार कामी येतात. तो नसेल, तर तोच मुलगा नदीच्या शेवटच्या वळणावर रोपं उपटतो, फोटो टाकतो, आणि पुढच्या जूनला ते वळण पुन्हा गुलाबी. फरक मुलाच्या तळमळीत नसतो, वही कुणाच्या ताब्यात आहे यात असतो. चांगल्या विद्यार्थी मंडळांनी यावर एक उपाय काढला आहे: निवडणुका वसंतातच उरकायच्या आणि जुन्या-नव्या समितीनं एक उन्हाळा एकत्र काढायचा. जाणाऱ्यानं येणाऱ्याला पट्टे प्रत्यक्ष चालून दाखवायचे. निरोपाच्या पार्टीपेक्षा ही चाल जास्त महत्त्वाची.

*

आता अवघड प्रश्न. उपटण्यानं काही साधतं का? २००६ साली इंग्लंडातल्या नदीकाठांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ठरावीक चौकोनांतून हा तेरडा काढला तर इतर झाडांच्या जाती वाढतात असं दिसलं. तेरड्यामुळे जातींची संख्या एक चतुर्थांशापर्यंत घटते, असा हिशेब निघाला. पण पुढचा भाग कुणी भाषणात सांगत नाही: वाढलेल्या जातींत दुसरी परकी तणंही होती. एकाला काढून दुसऱ्याला जागा. त्याच वर्षी झेक संशोधकांनी त्यांच्या नद्यांवर पाहिलं, तर परिणाम फार मोठा वाटला नाही. उलट स्वित्झर्लंडच्या एका ओढ्यावर मोजणी झाली, तिथं तेरड्याखालची माती हिवाळ्यात जास्त धुपल्याचं आढळलं. बारमाही गवत मेलं, तेरडा थंडीत गेला, मग माती धरून ठेवायला कोण?

मधमाश्यांचा वाद तर रंगतदार. हे फूल मधानं ओसंडतं. शरदात, जेव्हा दुसरं फारसं फुलत नाही, तेव्हा पाठीवर पांढरे परागकण माखलेल्या माश्या पोळ्यांत परततात आणि मधपाळ खूष असतात. पण २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जर्मनीतल्या अभ्यासानं दाखवलं, की तेरडा शेजारी असला की भुंगे तिथल्या एका देशी रानफुलाकडे कमी जातात आणि त्याचं बी कमी धरतं. म्हणजे माशी जेवली, पण शेजारचं फूल वांझ राहिलं. रविवारच्या गटात एखादा मधपाळ असला तर चहाच्या वेळी या विषयावर चांगलाच खटका उडतो.

भारतीय मुलांना आणखी एक कुचंबणा जाणवते. परकं, घुसखोर, आपल्या भूमीवर पसरलेलं, सगळं गिळंकृत करणारं: ही भाषा ती टीव्हीवर रोज ऐकत असतात, झाडांबद्दल नव्हे, माणसांबद्दल. तीच भाषा चिखलात उभं राहून हिमालयातून आलेल्या झाडाबद्दल ऐकायची, तर जरा अंगावर येते. त्यांच्यातला कुणी तरी हसण्यावारी नेतो, आपलाच माणूस आपल्याला उपटायला लावलाय म्हणून. शास्त्रज्ञांतही हा वाद झाला. २०११ साली मार्क डेव्हिस आणि आणखी अठरा परिस्थितिशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की झाडाची पारख त्याच्या जन्मस्थानावरून नको, परिणामावरून करा. त्याला दीडशेच्या जवळपास शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं, की परिणाम उघड होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण एका बाबतीत मुलांच्या बाजूनं बोलावंसं वाटतं: झाडाला पाय नसतात. ते १८३९ साली बोटीत चढलं नाही, चढवलं गेलं. ही गोष्ट सांगून मग उपटायला लावलं, तर काम तेच राहतं, पण काठावर उभ्या असलेल्या परदेशी पोराला अवघडल्यासारखं होत नाही. सहारनपूरचा किस्सा सांगणाऱ्या गटात आपली मुलं टिकतात, हा योगायोग नसावा.

*

हातांनी हे संपणार नाही, हे ब्रिटिश सरकारलाही कळलं होतं. २००६ पासून केबी या संस्थेचे शास्त्रज्ञ हिमालयाच्या पायथ्याला, भारतात आणि पाकिस्तानात, या तेरड्याचे घरचे शत्रू शोधत फिरले. सापडली एक तांबेरा बुरशी, गव्हावरच्या तांबेऱ्याच्याच गोतावळ्यातली. सत्तरहून जास्त वनस्पतींवर चाचण्या घेतल्यावर २०१४ साली ती इंग्लंडात सोडायला परवानगी मिळाली. तणासाठी मुद्दाम परदेशी बुरशी सोडायची युरोपीय संघातली ती पहिलीच वेळ. पुढं निघालं, की ब्रिटनमधला तेरडा एकाच ठिकाणाहून आलेला नाही. काही पट्टे भारतातल्या तांबेऱ्याला बळी पडतात, काही पडत नाहीत. म्हणून पाकिस्तानातला वाणही सोडला. इंग्लंडच्या नदीकाठी भारत-पाकिस्तान एकाच कामावर लागले, हे ऐकून लाहोरची आणि लातूरची मुलं एकदमच हसतात. यश मात्र जागोजागी वेगळं आहे, आणि तांबेऱ्याचं काम सावकाश चालतं.

मराठी मुलांना ही युक्ती नवी नाही, फक्त दिशा उलटी. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजरगवत, ज्याला खेड्यापाड्यांत काँग्रेस म्हणतात, त्याच्यावर ऐंशीच्या दशकात मेक्सिकोहून आणलेले भुंगे सोडले गेले. पावसाळ्यात बांधावरच्या गाजरगवताची चाळणी करणारे पिवळट-काळ्या रेघांचे ते भुंगे ज्यानं पाहिले आहेत, त्याला केबीच्या माणसाचं म्हणणं समजायला भाषांतर लागत नाही.

*

यांतली काही मुलं महाराष्ट्रात परत येतात. इथं येऊन तेच करू पाहतात आणि त्यांच्या ध्यानात येतं, की केल्विनवरचा निम्मा धडा इथं लागू पडतो. घाणेरीला उपटून भागत नाही. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत वापरावी लागते: जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मूळ तोडायचं, बुंधा उलटा करून ठेवायचा, मग पक्ष्यांच्या बसण्याच्या झाडांखाली उगवणारी रोपं दोन-तीन वर्षं वेचायची. टेकडीवर गिरिपुष्प आहे, ते तर वनखात्यानंच हिरवळीसाठी लावलेलं. त्याला हात लावायचा तर परवानगी कुणाकडे मागायची, इथपासून सुरुवात. आणि कासच्या सड्यावर लॉईचा तेरडा फुलतो, जगात फक्त सह्याद्रीच्या अशा सड्यांवर होणारा. तिथं स्वयंसेवकाचं काम उपटण्याचं नसून माणसांचे पाय पायवाटेवर ठेवण्याचं आहे, जे काही जणांना जास्त कठीण वाटतं.

सर्वांत मोठी फसगत जलपर्णीपाशी होते. मुळा, पवना, इंद्रायणी, पंचगंगा, कुठलीही नदी घ्या, उन्हाळ्यात ती हिरवी गच्च. ग्लासगोहून शिकून आलेली एक मुलगी पिंपरीच्या बाजूला असाच गट जमवून बसली. हातमोजे, काठ्या, दोर, कागदावर नकाशा, सगळं रीतसर. उगमाकडून सुरुवात, हा नियम तिच्या डोक्यात पक्का होता. म्हणून गट घेऊन ती नदीच्या वरच्या अंगाला चालत गेली, जलपर्णीची पहिली बेटं कुठून सुटतात ते शोधायला. बेटं सापडली ती नाल्याच्या तोंडाशी. वर बी नव्हतं, झुडूप नव्हतं. प्रक्रिया न झालेलं सांडपाणी होतं, आणि त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन जलपर्णी पंधरवड्यात दुप्पट होत होती. त्या रविवारी कुणी पाण्यात उतरलं नाही. त्यांनी नाल्यांची तोंडं मोजली, प्रत्येकाचा फोटो काढून जागा नोंदवली, आणि सोमवारी महापालिकेच्या पर्यावरण विभागात माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला: या प्रत्येक नाल्याचं पाणी कोणत्या शुद्धीकरण केंद्राला जोडलं आहे, जोडलं नसेल तर कधी जोडणार, आणि दरवर्षी जलपर्णी काढण्याच्या ठेक्यावर किती खर्च होतो.